बिबवेवाडी हॉल, थेट प्रक्षेपण

हॉलमध्ये कॅमेरा बसला त्या दिवसापासून मी घरात गाऊन घालणं सोडलं. कॅमेऱ्यातून बघणारा माझा स्वतःचा मुलगा. त्याने मला तापात, केस पिंजारलेल्या, भांडी घासताना घामाघूम झालेल्या, सगळ्या अवस्थांत पाहिलेलं आहे. तरीही हॉलमध्ये सतत कुणीतरी बसलंय म्हटल्यावर गाऊनमध्ये वावरणं मला जमेना. अंघोळ झाली की साडी, पदर नीट, केस विंचरून अंबाडा, आणि मग पहिला चहा. एकटी बाई घरातल्या घरात एवढी टापटीप करून कुणाची वाट बघते, असं समोरच्या फ्लॅटमधल्यांना वाटत असेल. मी कुणाची वाट बघत नव्हते. माझं फक्त प्रक्षेपण चालू होतं.

हे गेले त्यानंतर महिन्याभरात कॅमेरा आला. आम्हाला एकुलता एक मुलगा. तो आणि सूनबाई वाघोलीला राहतात, मी बिबवेवाडीत. नकाशात आम्ही एकाच गावात आहोत. प्रत्यक्षात नगर रोडवरून माझ्या दारात पोचायला त्याला जेवढा वेळ लागतो, तेवढ्यात शहाणा माणूस साताऱ्याला जाऊन पोचतो. तो म्हणाला, आई, तू वाघोलीला चल. मी म्हटलं, मला इथली बस कळते, इथला वाणी कटकट न करता मला सामान बदलून देतो, आणि तुमच्या बाराव्या मजल्यावरून खाली बघितलं की मला गरगरतं. तो फार वाद घालणाऱ्यांतला नाही. पुढच्या रविवारी पिशवीभर सामान घेऊन आला, स्टुलावर चढला आणि टीव्हीच्या कपाटावर मोठ्या लिंबाएवढा पांढरा कॅमेरा बसवून गेला.

त्याला या गोष्टींचा नादच आहे. त्याच्या घरात दिवे बोलून लागतात, पडदे आपोआप सरकतात, दारावर कोण आलंय ते फोनवर दिसतं. सगळं एका अ‍ॅपमध्ये जोडलेलं. माझा कॅमेराही त्यातच जोडला आणि त्याला नाव दिलं, ‘बिबवेवाडी हॉल’. हा कॅमेरा मूळचा त्यांच्या कुत्र्याचा, हे मला नंतर कळलं. दोघं ऑफिसला जायचे तेव्हा कुत्रा दिवसभर काय करतो ते बघायला त्यांनी दोन कॅमेरे घेतले होते. कुत्रा म्हातारपणाने गेला. मुलगा आता घरूनच काम करतो. त्यामुळे एक कॅमेरा रिकामा झाला आणि माझा नंबर लागला.

मला एक टॅबलेटही मिळाला. तो हॉलमध्येच भिंतीला अडकवलेला. त्यावर दारातला माणूस दिसायचा आणि कोपऱ्यात मी स्वतः दिसायचे, पाठीमागून, कारण टॅबलेट कॅमेऱ्याच्या समोरच्या भिंतीवर होता. माझी पाठ एवढी वाकली आहे हे मला त्या टॅबलेटमुळे समजलं. सत्तरीपर्यंत बाईला स्वतःची पाठ बघायला लागू नये, ही सोय निसर्गाने केलेली होती ती मुलाने मोडली.

हॉलमध्ये बराच वेळ हालचाल झाली नाही की त्याच्या फोनवर सूचना जायची. मग माझा फोन वाजायचा.

“आई, दिसली नाहीस बराच वेळ.”

“बाथरूममध्ये होते. तिथेही लाव एक.”

तो हसायचा नाही. पूर्वी हसला असता. आमच्या घरात अशी बोलणी रोजची, ह्यांचं तर त्यावाचून जेवण जात नसे. पण मुलगा नुसतं “बरं, बरं” म्हणायचा आणि ठेवून द्यायचा. त्याच्या आवाजात मला एक हाशहुश्श ऐकू यायची, आणि ती ऐकली की पुढचं टोचून बोलणं माझ्या तोंडातच राहायचं.

दुपारच्या झोपेचे फार हाल झाले. सरकारी कचेरीत आवक-जावक टेबलावर मी नोकरी संपवली. तिथे दुपारी डोळे मिटायची सोय नव्हती, म्हणून निवृत्तीनंतर जेवून आडवं होणं हा मी माझा हक्क मानत होते. बेडरूममध्ये झोपले की हॉल रिकामा दिसायचा, मग फोन. म्हणून मी हॉलमधल्या दिवाणावर झोपू लागले. तर झोपलेला माणूस हलत नाही, म्हणून फोन. शेवटी मी दिवाणावर नुसती पडून राहायचे आणि मधूनमधून पाय हलवायचे. डोळा लागतोय असं वाटलं की पाय. गाढ झोपेचं सुख मागणाऱ्या बाईने जिवंत असल्याचा पुरावा पायाने देत बसायचं. कुणी नुसतं बघत बसलं तरी माणूस दमतो, हे मला त्या वर्षी कळलं. संध्याकाळी अंग मोडून यायचं, आणि दिवसभरात काय केलं म्हणाल तर दिसले.

बंद कर तो कॅमेरा, असं मी स्पष्ट म्हणायला हवं होतं. पण आमच्या घराची एक खोड आहे. दुसऱ्याला त्रास नको म्हणून आम्ही विचारत नाही, आणि दुसऱ्याला वाईट वाटेल म्हणून सांगत नाही. चिमटे काढू, चेष्टा करू, मनातलं मात्र कुणी बोलणार नाही. त्याला एवढी कसली भीती वाटते हे मी विचारलं नाही. वडील गेले की मुलांना आईची काळजी वाटते, एवढ्यावर मी भागवलं.

एकदा सकाळी चित्र अडकायला लागलं. टॅबलेटवर मी चहाचा कप तोंडाला लावून थिजले होते, आणि इकडे माझा कप कधीच धुऊन पालथा घातलेला. मुलाचा लगेच फोन. “आई, स्ट्रीम अडकलंय. टॅबलेटवर वर उजवीकडे तीन टिंबं दिसतात ना, ती दाब. मग खाली रिफ्रेश.” मी टिंबं दाबली. खाली काय दाबलं देव जाणे. गोल फिरणारं चक्र थांबलं आणि पडद्यावर दोन चौकटी आल्या. एकीवर लिहिलं होतं ‘बिबवेवाडी हॉल’. दुसरीवर ‘वाघोली डायनिंग’.

“आलं का?” त्याने फोनवर विचारलं.

“आलं,” मी म्हटलं.

दुसऱ्या चौकटीत तो होता. कुत्र्यासाठी लावलेला त्यांच्या घरातला कॅमेरा तसाच चालू राहिला होता, आणि दोन्ही घरं एकाच खात्यात जोडल्यामुळे त्याचं चित्र माझ्या भिंतीवर आलं होतं. हे त्याच्या लक्षात नसणार. सांगायला हवं होतं. पण मी आधी जरा बघितलं, आणि बघितल्यावर सांगणं राहूनच गेलं.

जेवणाच्या टेबलावर त्याच्यासमोर दोन पडदे होते. एकावर त्याचं ऑफिसचं काम. दुसऱ्यावर माझा हॉल. माझी हिरवी साडी मला ओळखू आली, तिथे दूर, त्याच्या हातापाशी. मी सहज खुर्चीवरून उठले आणि आत गेले. परत येऊन बघते तर तो टायपिंग थांबवून दुसऱ्या पडद्याकडे बघत बसला होता. मी कॅमेऱ्यासमोर आले. चित्र पोचायला थोडा वेळ लागतो. तेवढा वेळ गेला आणि त्याचे खांदे खाली आले. मग तो पुन्हा कामाला लागला.

त्यानंतर मी रोज ती चौकट उघडायला लागले. मुलाला हेरगिरीवरून नावं ठेवणारी मी, पण मला कुणी अडवणारं नव्हतं. तो ताटातलं न बघता जेवायचा. एका हाताने पोळी तोडायचा आणि डोळे माझ्यावर. भात गार होऊन ताटात तसाच राहायचा. मी दुपारी दिवाणावर पडले की तोही कामातून मान वर करून बसायचा, माझा पाय हलेपर्यंत. मला वाटत होतं माझी झोप तो घेतोय. त्याचं जेवण मी घेत होते. चाळिशीही न आलेला मुलगा, डोळ्यांखाली काळं झालेलं, आणि मला फोनवर रोज सांगायचा, मजेत आहे. मी पाय जास्त वेळा हलवायला लागले, दुसरं काय करणार.

आवाजाचंही एक बटण होतं. ते माझ्याकडून एका संध्याकाळी दाबलं गेलं. मी नुकताच देवापाशी दिवा लावून आले होते. वाघोलीत सूनबाई ऑफिसमधून आली होती आणि पर्स खांद्यावरच ठेवून त्याच्यासमोर उभी होती.

“कधीही बघावं तर तुझ्यासमोर आईच,” ती म्हणत होती. चिडून नाही, थकून. “या वयात प्रेशरची गोळी सुरू झाली तुझी. झोपत नाहीस, धड जेवत नाहीस. माझ्या आईकडे वर्षभर गेलो नाही आपण, का, तर तिथे रेंज नाही. अरे, त्या खमक्या आहेत. त्यांना काही होत नाहीये. तुला होतंय.”

मला वाटलं चित्र पुन्हा अडकलं. मग त्याचा आवाज आला.

“बाबांनी त्या दिवशी मला फोन केला होता.”

“कुठल्या दिवशी?”

“त्याच. सकाळी. मी मीटिंगमध्ये होतो. कट केला मी, यार. वाटलं, टीव्हीचं असेल नेहमीसारखं. नंतर करू. नंतर केला तेव्हा शेजारच्या काकांनी उचलला, हॉस्पिटलमधून.” त्याने दुसऱ्या पडद्याकडे बघितलं. “टीव्हीचं नसेल तर?”

सूनबाईने खांद्यावरची पर्स खाली ठेवली. “आईंना सांगितलंस?”

“काय सांगू? की बाबा मला बोलवत होते आणि मी फोन कापला?”

मी टॅबलेट बंद केला.

टीव्हीचं म्हणजे काय, ते सांगते. ह्यांच्या हातून रिमोटचं कुठलं तरी बटण दाबलं जायचं आणि टीव्हीवर नुसता निळा पडदा यायचा. मग भर ऑफिसच्या वेळात मुलाला फोन. तोही बिचारा सगळं सोडून सांगत बसायचा, बाबा, सोर्सचं बटण दाबा, नाही ते नाही, त्याच्या वरचं. आठवड्यातून एकदा तरी हा कार्यक्रम व्हायचा.

आणि ती सकाळ म्हणाल, तर मी घरात नव्हते. कोपऱ्यावरच्या हातगाडीवर कोथिंबीर आणि लिंबं घ्यायला गेले होते. गाडीपाशी ओळखीच्या बाई भेटल्या, थोडं बोलणं झालं. परत आले तर हे खुर्चीत बसलेले, अंगभर घाम, आणि मोबाइल हातात. मी विचारलं, काय होतंय? म्हणाले, काही नाही, जरा मळमळतंय. त्यानंतर शेजाऱ्यांना हाक, त्यांची गाडी, हॉस्पिटल. पोचेपर्यंत संपलं होतं. मी तेव्हा कुठे होते हे पुढे कुणी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. मुलगा परस्पर हॉस्पिटललाच आला. हातात मोबाइल कशाला होता, कुणाला लावत होते, याचा विचार मी त्या संध्याकाळपर्यंत मुद्दाम केला नव्हता.

म्हणजे तो आणि मी त्याच एका सकाळपाशी अडकून बसलो होतो, तो वाघोलीत, मी इथे. फरक एवढाच की मी सत्तरीची आहे आणि त्याचं सगळं आयुष्य पुढे आहे. हे असंच चाललं तर मी शंभर वर्षं जगले तरी त्याला पुरणार नव्हते. मी रोज दिसत राहिले म्हणून वडिलांचा तो फोन उचलला जाणार नव्हता.

पुढचे काही दिवस मी घरात फिरताना मनातल्या मनात वाक्यं जुळवत होते. कचेरीत साहेबांसाठी टिपणं लिहिली, पण एवढी खाडाखोड कधी केली नव्हती. मग रविवार बघून त्याला फोन केला, जळमटं काढताना कॅमेरा वाकडा झालाय, येऊन सरळ कर. वाकडा मीच केला होता, झाडूच्या दांड्याने.

तो आला. स्टुलावर चढला. मी खाली सतरंजीवर मेथी घेऊन बसले, म्हणजे मान खाली ठेवायला कारण मिळालं. स्टुलावर पोरगा पाठमोरा उभा होता, त्याचीही पाठ वाकायला लागली आहे.

“एवढं कौतुक चाललंय कॅमेऱ्याचं,” मी म्हटलं, “त्यापेक्षा टीव्हीवरचा तो निळा पडदा येणं बंद करून दे.”

“परत आला?”

“येतो की. ह्यांनी तर शेवटच्या दिवशीसुद्धा तोच उद्योग केला. सकाळी काहीतरी दाबलं, आला निळा पडदा. मग तुला फोन. तू उचलला नाहीस, तर राग माझ्यावर.”

स्क्रू पिळणारा हात थांबला.

“काय म्हणाले?”

“म्हणाले, याला पगार कामाचा मिळतो की मीटिंगचा? मी म्हटलं, तुम्ही बटणं दाबताच कशाला. मग मीच मागची वायर काढून परत लावली, झाला सुरू.”

“म्हणजे तेव्हा बरे होते ते?”

“न बरं व्हायला काय झालं? चांगल्या तासभर बातम्या बघितल्या. दुसरा चहा मागून घेतला, आणि साखर कमी आहे म्हणून तो नावं ठेवून प्यायले. त्रास सुरू झाला तो त्याच्यानंतर.”

“आई, तू इथेच होतीस?”

“मी कुठे जाणार?” मी म्हटलं. “इथेच. समोर.”

तो स्टुलावर पाठमोराच उभा राहिला. मी मेथी निवडत राहिले, पानं कुठे आणि काड्या कुठे जातायत ते मला दिसत नव्हतं. मग तो खाली उतरला, माझ्याशेजारी सतरंजीवर बसला आणि जुडीतली मूठभर मेथी ओढून घेऊन निवडायला लागला. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तो ते पुसत नव्हता. मी त्याच्याकडे बघितलं नाही. वर्षभरात आमच्या घरात कुणीतरी कुणाकडे बघायचं नाही असं पहिल्यांदाच ठरवलं.

“साखर कमी,” तो एकदम म्हणाला आणि रडता रडता हसला.

त्या दुपारी तो दोनदा वाढून घेऊन जेवला. आमटीत पोळी कुस्करून, शाळेत असताना जेवायचा तसा. नंतर दिवाणावर आडवा झाला आणि दिवे लावायची वेळ झाली तरी उठला नाही. कॅमेरा अजून वाकडाच होता. सूनबाईचा फोन आला, मी म्हटलं, झोपलाय. ती म्हणाली, “आई, खरंच?” मी तिला म्हटलं, आता माहेरी जाऊन या.

दिवाळीनंतर ते कोकणात सूनबाईच्या माहेरी जाऊन आले. तिथे दाराबाहेर आंब्याच्या कलमाखाली उभं राहिलं तरच फोन लागतो. तो रोज एकदा कलमाखाली येऊन विचारायचा, जेवलीस का, आणि माझं ऐकून न घेता ताजे मासे खाल्ल्याचं सांगत बसायचा. कॅमेरा आहे अजून. तो आता फार बघत नसावा, कारण मी परवा दुपारी बेडरूममध्ये मनसोक्त झोपले आणि फोन वाजला नाही. वाघोलीची चौकट मी माझ्या टॅबलेटवरून काढायला लावली, म्हटलं, दुसऱ्याचं घर दिसतंय मला त्यात. तो ओशाळला, मीही ओशाळले, आणि नेहमीप्रमाणे पुढे कुणी काही विचारलं नाही.

हे मी लिहून ठेवतेय ते तो मराठी पुस्तकं उघडत नाही या भरवशावर. मी दमले आहे, आणि एवढं एक कुठेतरी उतरवून ठेवल्याशिवाय मला आता चालवत नाही. त्या सकाळी हे त्याला कशासाठी फोन करत होते, मला ठाऊक नाही. कोथिंबीर घेऊन मी दारातून आत आले तेव्हा टीव्ही बंद होता. रिमोट कपाटावर जागच्या जागी होता. दुसरा चहा झालाच नव्हता. मुलगा एकदा मला म्हणाला होता, आई, तेव्हाच कॅमेरा लावला असता तर काय झालं ते तरी कळलं असतं. आमच्या घरात त्या सकाळी कॅमेरा नव्हता, म्हणून माझा मुलगा आता झोपतो.